गोळीचं गाव

नवी गोळी अण्णा कधी तशीच तोंडात टाकत नसत. आधी ती तळहातावर घेऊन अंगणातल्या उजेडात यायचे, डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट करायचे आणि कानडीत तिला विचारायचे, "याव ऊरु?" कुठलं गाव?

गोळी बोलत नसे. मग ज्यानं ती आणली असेल त्यानं तिच्या वतीनं उत्तर द्यायचं. ती कशाची बनली, पोटातून पुढं कुठं जाते, किती वेळ मुक्काम करते, बाहेर कुठून पडते, आणि मुख्य म्हणजे आधीपासून आत राहणाऱ्यांशी तिचं जमतं का. निपाणीतला औषधाचा दुकानदार यात हमखास सापडायचा.

"अण्णा, मी नुसता विकतो हो. मी काय तिचा बाप न्हवे."

"बाप नसलास तर नसलास. स्थळ आणणारा तर हैस? पोरगी दाखवतोस आणि घराण्याची माहिती न्हाय म्हणतोस?"

हा प्रश्न त्यांच्याकडं वखारीतून आला होता. अण्णांची तंबाखूची वखार होती. पोतं उघडलं की पान चुरडून वास घ्यायचा आणि आणणाऱ्याला विचारायचं, याव ऊरु? गाव कळलं की माती कळते, माती कळली की पान कळतं, असा त्यांचा हिशेब. स्वतः त्यांनी जन्मात तंबाखू तोंडाला लावली नाही. मी त्यांच्याकडं भाड्यानं राहायला गेलो तोवर वखार बंद झाली होती, तिथं सिमेंटच्या पिशव्या आल्या होत्या. प्रश्न तेवढा शिल्लक राहिला होता आणि तो कुणालाही लागू व्हायचा. भाजीवालीला, पाहुण्याला, खिडकीत येऊन बसणाऱ्या नव्या पाखराला.

मला तर तो पहिल्याच दिवशी लागू झाला. माझी बदली बँकेच्या निपाणी शाखेत झाली होती. खोली बघायला गेलो तेव्हा अण्णा पाण्याच्या नळाला कान लावून जमिनीवर आडवे पडले होते. मला वाटलं, चक्कर आली. मी धावलो.

"गप," ते म्हणाले. "पाणी याय लागलंय. आधी वारा येतोय, मग पाणी. का म्हणून?"

मी "माफ करा" म्हणालो.

ते उठून बसले. धोतर झटकलं. माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "याव ऊरु?"

"सांबरा. विमानतळाजवळचं."

"विमानाचा आवाज येतोय का झोपेत?"

"आता येत नाही. सवय झाली."

"म्हणजे येतोय, पण तुला ऐकू येत न्हाय. बरं. मटण खातोस?"

"गावी खातो."

"गावीच खा. कांदा-लसूण वर स्वयंपाकघरात आणायचं न्हाय. कुठल्या कुशीवर झोपतोस?"

"डाव्या. का?"

"डाव्या भिंतीतनं पाइप गेलाय. ऐकू आलं तर मला सांग, पाणी किती वाजता याय लागतंय."

अशी ती खोली मला मिळाली.

मी स्वभावानं अपराधी माणूस आहे. हे कौतुकानं सांगत नाही. कुणी आजारी पडलं, कुणाची गाडी चुकली, ऑफिसात कुणी रुसलं, की माझं मन आधी मलाच पिंजऱ्यात उभं करतं. वरच्या खोलीत चालताना फरशी वाजायची, तेव्हा सकाळी खाली उतरून मी अण्णांची माफी मागायचो. चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "ह्याला जरा च्या दे गं. वर चालतोय म्हणून माफी मागालाय. उद्यापास्नं उडत जाणार हाय."

आमच्या दोघांतला फरक तिथंच होता. भांडं पडलं की मी विचारायचो, कुणाकडून पडलं. अण्णा विचारायचे, पडलं ते कडेवर पडलं की बुडावर, आणि मग इतका वेळ गोल का फिरत राहिलं.

एकदा कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी थांबवली. हवालदारानं सवयीनं विचारलं, "डिकीत काय आहे?" अण्णांचा मुलगा चाकावर होता. तो "काही नाही" म्हणून गिअर टाकणार, तोच अण्णा दार उघडून उतरले. डिकी उघडली. आहेराची साडी दाखवली, छत्री दाखवली, स्टेपनी दाखवली, आणि वाटेत खायला घेतलेला डबा उघडून आतलं उपीटसुद्धा दाखवलं. मग हवालदाराला म्हणाले, "आता तुम्ही सांगा. लोक काय काय लपवत्यात?" मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. हवालदार हात जोडून म्हणाला, "आजोबा, जावा की आता." गाडीत बसल्यावर मुलगा चिडला होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "त्यानं इचारलं म्हणून दाखवलं. न दाखवता त्याला कळायचं कसं, रं?"

हे उपीट मी पुढं फार दिवस विसरलो नाही.

त्यांच्या हृदयाचं दुखणं त्यांनी स्वतःच शोधून काढलं. एका सकाळी देवदर्शनाहून आले ते मनगट धरूनच. मला खाली बोलावलं आणि माझी बोटं आपल्या नाडीवर ठेवली.

"बघ. हा आला. हा आला. आता हा... न्हाय आला. आणि आता दोन गडबडीत आले. ताल न्हाय."

मी म्हणालो, "अण्णा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"जाऊ की. पण आधी बघ तरी, मजा बघ. एवढी वर्सं एका तालात वाजलं, आता का म्हणून बिघडलं?"

बेळगावच्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळं रक्त तिथं साचून त्याची गाठ होऊ शकते, आणि ती गाठ मेंदूकडं गेली तर लकवा. म्हणून दोन गोळ्या. एक ठोक्यांना आवर घालणारी, दुसरी रक्त पातळ ठेवणारी. दुसरीचं काम नाजूक आहे, असं त्या म्हणाल्या. रक्त फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागेल, पुरेसं पातळ नसलं तर गाठीची भीती. म्हणून नेमानं रक्त तपासायचं आणि त्याप्रमाणं गोळी कमी-जास्त करायची, तीही त्यांनी सांगितल्यावरच.

अण्णांनी दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि भर दवाखान्यात त्यांना गाव विचारलं. मॅडम आधी चकित झाल्या, मग हसल्या, आणि मग त्यांनी खरोखरच सगळं समजावून सांगितलं. सूर्यास्तानंतर अण्णा पाणीसुद्धा घेत नाहीत, तेव्हा संध्याकाळची गोळी कधी, हेही ठरलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आणि पालेभाजी रोज साधारण तेवढीच खायची हं. एकदम जास्त नाही, एकदम बंद नाही."

"खातो की," अण्णा म्हणाले. तो माघ महिना होता. घरात रोज मेथी, शेपू, हरभऱ्याचा पाला काही ना काही असायचंच. शिवाय त्या क्षणी समोरच्या पडद्यावर त्यांचं स्वतःचं हृदय उघडझाप करत होतं आणि अण्णा त्यातल्या झडपांकडं लहान मुलासारखे टक लावून बघत होते. पालेभाजीचं 'का' विचारायचं तेवढं राहिलं. माझ्या माहितीत त्यांचं राहिलेलं ते पहिलं 'का'.

दुसरं माझ्यामुळं राहिलं.

अण्णांचा एक नेम होता. आषाढात चातुर्मास लागला की कार्तिकापर्यंत पालेभाजी बंद. पावसाळ्यात पानांवर बारीक जीव असतात, ते मारायला नकोत म्हणून. हा नेम त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात जैन मुनिमहाराजांपुढं बसून एकत्र घेतला होता. आक्का जाऊन खूप वर्षं झाली होती. नेम चालू होता. चातुर्मास लागायच्या आदल्या दिवशी सून मेथीचं पिठलं करायची आणि अण्णा ते खाताना समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघून म्हणायचे, "चला, झालं. आता दिवाळीनंतर."

गोळ्या सुरू झाल्यापासून दर पावसाळ्यात एक गोष्ट घडायची. दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, हातावर उगाच निळे डाग उठायचे. तपासणीत रक्त फारच पातळ निघायचं. मॅडम विचारायच्या, "खाण्यात काही बदल?" अण्णा प्रामाणिकपणे म्हणायचे, "काय न्हाय." मॅडम गोळी कमी करायच्या. दिवाळीनंतर रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागायचं, मॅडम गोळी वाढवायच्या. "अण्णा, तुमचं रक्त ऋतू बघून चालतं वाटतं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. अण्णांना ते फार आवडलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

मग माझी बदली बेळगावला झाली. तरी महिन्याकाठी निपाणीला जाणं सुटलं नाही. एका श्रावणात गेलो तर अण्णा ओसरीवर बसलेले, चेहरा उतरलेला. गोळी नुकतीच कमी झाली होती. सून म्हणाली, "पालेभाजी न्हाय, रात्रीचं न्हाय, भूक तर अशी चिमणीची. तुम्ही तरी सांगा की भावजी."

मी सांगितलं नाही. त्यापेक्षा शहाणपणाचं काहीतरी करावं असं मला वाटलं. बेळगावच्या दुकानात जाऊन मी विचारलं, "वयस्क माणूस आहे, पालेभाजी खात नाही. तिच्यातलं सत्त्व भरून निघेल असं काही?" दुकानदारानं व्हिटॅमिनची बाटली दिली. वर हिरवा ठिपका होता, म्हणजे शाकाहारी, एवढं मात्र मी दोनदा बघितलं. अण्णा आणखी कुठली गोळी घेतात हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी बाटली अण्णांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली, उजेडात आले.

"याव ऊरु?"

मला परतीची बस गाठायची होती. मी हसून म्हणालो, "अहो अण्णा, व्हिटॅमिन आहे हे. औषध नव्हे. ह्याला काय गाव विचारायचं? जेवणातलंच असतंय सगळं."

"जेवणातलंच?"

"हो की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू सांगालायस म्हणजे असंल." आणि गोळी तोंडात टाकली. विचारपूस पुरी न होता त्यांच्या पोटात गेलेली ती एकच गोळी. तिच्यासाठी जामीन मी राहिलो होतो.

भाद्रपदात एका सकाळी मुलाचा फोन आला. अण्णा ताक पीत होते, वाटी हातातून गळाली. काहीतरी विचारायला लागले तर शब्द भलतेच यायला लागले. सून सांगत होती, ते प्रश्नच विचारत होते हे सुरावरून कळत होतं, पण प्रश्नातला एकही शब्द जागेवर नव्हता. थोड्या वेळानं सगळं आपोआप निवळलं. तरी मुलानं शहाणपणा केला, तशीच गाडी काढून थेट बेळगाव गाठलं.

मी पोचलो तेव्हा अण्णा खाटेवर होते आणि बोलत होते. मी दारातच थांबलो.

मॅडम रिपोर्ट बघत होत्या. "अण्णा, थोडक्यात निभावलं. पण रक्त पातळ असायला हवं तेवढं अजिबात नाही. गोळ्या चुकल्या?"

"एक न्हाय."

"आणखी काही घेता? दुसरं औषध, काढा, चूर्ण?"

"काय न्हाय," अण्णा म्हणाले. नाक्यावर उपिटाचा डबा उघडून दाखवणारा माणूस होता तो. ते खोटं बोलत नव्हते. औषध त्यांनी घेतलंच नव्हतं, मीच तसं सांगितलं होतं.

"घेतात," मी दारातून म्हणालो. "व्हिटॅमिन. मी आणून दिलंय."

बाटली मुलाच्या पिशवीतच होती, सुनेनं डब्याबरोबर घातलेली. मॅडमनी ती फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि बोट ठेवलं. "हे बघा. व्हिटॅमिन के. रक्त गोठायला शरीर हेच वापरतं. आमची गोळी नेमकी ह्याचंच काम अडवते. एकीकडून आम्ही अडवतोय, दुसरीकडून तुम्ही घालताय."

एवढी वर्षं मी ज्या खटल्यांत स्वतःला उभं करत आलो होतो त्यांत कधी पुरावा नसायचा. आज होता.

"अण्णा," मी म्हणालो, "माझ्यामुळं..."

"जरा थांब रं तू," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडं बघतही नव्हते. कोपरांवर जोर देऊन अर्धे उठले होते. "मॅडम, ह्ये 'के' कुठल्या गावचं? म्हणजे एरवी असतंय कशात?"

"पालेभाजीत. मेथी, पालक, कोथिंबीर. म्हणून तर मी पहिल्या दिवशी म्हणाले होते, पालेभाजी रोज तेवढीच खा."

"पण मी आता पालेभाजी खातच न्हाय की!"

"का?"

"चातुर्मास हाय."

"म्हणजे किती दिवस?"

"आषाढापास्नं कार्तिकापतोर."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "दरवर्षी?"

"दरवर्षी. लग्नापास्नं."

"मग अण्णा, मी दर पावसाळ्यात तुम्हाला विचारते, खाण्यात काही बदल झाला का. तुम्ही नाही म्हणता!"

"बदल कुठं झालाय?" अण्णा खरंच गोंधळले होते. "दरवर्षीगतच चाललंय सगळं. ह्यो बदल न्हवे मॅडम, ह्यो नेम हाय."

मग अण्णा बोटांवर मांडणी करायला लागले. "म्हणजे बघा. आषाढात पाला बंद, म्हणून रक्त पातळ. पातळ म्हणून तुम्ही गोळी कमी केली. गोळी कमी केल्यावर ह्यानं बाटली आणली. बाटलीतनं 'के' आलं. आडवायला गोळी कमी, आणि 'के' जास्त. झालं! गाठ!" आणि मला अजून विश्वास बसत नाही, पण लकव्याच्या उंबरठ्यावरून नुकताच परतलेला तो म्हातारा खुशीत येऊन टाळी वाजवून म्हणाला, "आरं, ऋतू बघून न्हाय! मेथी बघून चाललंय माझं रक्त!"

मुलगा मात्र रडकुंडीला आला होता. "अण्णा, आता बास करा तो नेम. जिवावर बेतलंय. रोज पालेभाजी खायची, विषय संपला."

अण्णांचं हसू मावळलं.

"माझा एकट्याचा असता तर सोडला असता रं," ते म्हणाले. "निम्मा तुझ्या आईचा हाय. माझा निम्मा सोडला तरी तिचा मी कसा सोडू?"

त्या वेळी मला कळलं की गाठ ही एकच भीती त्या खोलीत नव्हती. नेम गेला असता तर आक्काही गेल्या असत्या, दुसऱ्यांदा.

मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं. "कुणी काही सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त आधी कळायला पाहिजे. चातुर्मास लागायच्या आधी येऊन सांगायचं, संपायच्या आधी येऊन सांगायचं. त्या दिवसांत रक्त लवकर लवकर तपासू आणि गोळी त्याप्रमाणं लावू. पण मनानं काही सुरू करायचं नाही, मनानं काही बंद करायचं नाही. ही बाटलीसुद्धा आता मी सांगते तशीच बंद करायची. आणि व्हिटॅमिन असो, टॉनिक असो, शेजारणीनं दिलेला काढा असो, सगळं मला दाखवायचं."

"नाक्यावानी," अण्णा म्हणाले.

मॅडमना ते कळलं नाही. मला कळलं.

संध्याकाळी मुलगा घरी कळवायला बाहेर गेला तेव्हा मी खाटेजवळ बसलो आणि दिवसभर मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. बस गाठायची घाई होती, मी हसण्यावारी नेलं, दुकानात तुमची गोळी सांगितली नाही, तुमचं तोंड वाकडं झालं असतं, हात गेला असता, तुमचे प्रश्न गेले असते. अण्णांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ते माफ केलं म्हणतील.

"तुला एक सांगू?" ते म्हणाले. "तू आल्याबरोबर 'माझ्यामुळं' म्हणालास. मी तिथंच गप बसलो असतो तर? तू गुन्हेगार, बाटली कचऱ्यात, खटला मिटला. पाल्याचं कुणाला कळलंच नसतं. पुढच्या आषाढात पुन्हा रक्त पातळ." त्यांनी माझ्या हातावर थापटलं. "लगेच कबूल होऊ नको रं. आधी कसं झालं ते तर बघू दे."

माफ केलं असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हणाले नाहीत. ते राहिलंच. कधी कधी मला वाटतं, त्यांच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता.

त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. बाटलीतून आपण चातुर्मासात पालेभाजीच खाल्ली, तर नेम मोडला का? बरं वाटल्यावर त्यांनी मला बरोबर घेऊन महाराजांना गाठलं आणि 'के'ची सगळी कथा सांगितली. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. कारखान्यात बनलेल्या गोळीवर कुठला जीव बसलेला, असं ते म्हणाले, आणि नकळत झालेल्याची खंत करत बसू नका, आता कळलंय तर सांभाळा. हे दुसरं वाक्य बोलताना ते अण्णांकडं बघत होते की माझ्याकडं, हे मला नक्की सांगता येणार नाही.

त्यानंतर अण्णांचा पावसाळा सुरळीत झाला. आषाढ जवळ आला की ते बेळगावला येत, आदल्या रात्री माझ्याकडं मुक्काम करत, आणि सकाळी मॅडमसमोर जाऊन वर्दी देत, "मॅडम, पाला बंद व्हालाय." मॅडम आता निपाणी-चिकोडीकडच्या पेशंटना 'खाण्यात काही बदल' असं मोघम विचारत नसत. सरळ विचारत, "चातुर्मास पाळता? श्रावण पाळता? उपास कुठले?"

आणि अण्णांना नवा उद्योग मिळाला. देवळाच्या कट्ट्यावर बसून लोकांच्या गोळ्यांची चौकशी करायची. कुणी संकेश्वरच्या बाजारातून शक्तीचं चूर्ण आणलं की अण्णा पुडी उलटी करून दाखवायचे. "ह्याच्यावर गावच न्हाय. बिनगावाच्याला घरात घेतोस? आधी डॉक्टरला दाखव जा." एक गुडघेदुखीवाले आजोबा तर अण्णा दिसले की खिसा दाबून धरायचे. माझी पित्ताची गोळीही सुटली नाही. ती मी कधीपासून आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतो याचं उत्तर मला देता आलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "पोटभाडेकरू झाली की रं ही. मालकाला पत्ताच न्हाय."

गेल्या वर्षी, चातुर्मास लागून थोडेच दिवस झाले असतील, मुलाचा सकाळी फोन आला. अण्णा दुपारच्या झोपेत गेले होते, आदल्या दिवशी. सूर्यास्ताआधी अंत्यसंस्कार उरकायचे होते, तेवढ्यात मला पोचायला जमलं नसतं म्हणून त्या दिवशी कळवलं नव्हतं. रक्ताची तपासणी नुकतीच झाली होती आणि ती नीट होती. वय झालं होतं, हृदय दमलं होतं, असं मॅडम म्हणाल्या.

मी निपाणीला पोचलो. मुलगा ओसरीवर बसला होता. मला बघून उठला आणि पहिलं वाक्य तेच म्हणाला जे मी जन्मभर म्हणत आलोय. "आमचं काय चुकलं का हो? दुपारी एकदा उठवून बघितलं असतं तर..."

माझ्या तोंडात सांत्वनाची नेहमीची वाक्यं होती. ती मी बाजूला ठेवली.

"ते राहू दे," मी म्हणालो. "मला सांग, सकाळी काय काय केलं त्यांनी?"

तो सांगायला लागला. पहाटे उठले, देवळात गेले, नळाला कान लावला. मग दूधवाला आला. त्याच्याशी बराच वेळ काहीतरी चाललं होतं. सांगता सांगता त्याचा श्वास जरा सावरला.

तेवढ्यात दूधवालाच दारात आला. शेजारच्या मळ्यातला गडी, गाईचं दूध घालणारा. चरवी खाली ठेवून कोपऱ्यात उभा राहिला आणि कुणाला तरी सांगायलाच हवं तसं मला म्हणाला, "अण्णा काल इचारत हुते, दूध आज पिवळं का म्हणून. मी घाईत हुतो. उद्या सांगतो म्हटलं." त्याचे डोळे भरले. "सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघा. लई वाईट वाटालंय."

बसची घाई मला आठवली. "मला सांग," मी म्हणालो.

"तुमास्नी?"

"हो. का पिवळं होतं?"

त्यानं नाक पुसलं. "पाऊस झालाय न्हवं. बांधावर गवत आलंय. कडबा बंद केला आणि हिरवं घालाय लागलो. हिरवं खाल्लं की गाय पिवळं दूध देती."

"हिरवं खाऊन पिवळं कसं?"

"आता ते मला काय ठावं!" तो म्हणाला. "आणि म्हशीचं तर आणखी येगळंच. तीबी तेच गवत खाती, त्याच बांधावरचं. तिचं पांढरंच."

"तेच गवत?"

"तेच की. चला, दावतो."

अण्णा असते तर त्यांनी लगेच पायांत चपला घातल्या असत्या.

मी घातल्या.